कॅलेंडर परत करणारे सर

दरवर्षी जानेवारीत आमच्या शाळेतले इतिहासाचे सर सायकलवर पवनीला जायचे आणि पोस्टात रजिस्टर करून अमेरिकेचं कॅलेंडर अमेरिकेला परत करायचे.

अमेरिकेला म्हणजे मुंबईतल्या त्यांच्या कचेरीला. त्या काळी त्या कचेरीतून गुळगुळीत कागदाचं एक मासिक शाळाशाळांत फुकट यायचं. आमच्याकडे ते कोणी वाचत नसे, पोरं त्याची वह्यांना कव्हरं घालत. सर मात्र शाळेची प्रत अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि मग कचेरीला पत्र लिहायचे. इंग्रजी जुन्या वळणाचं, कोर्टातल्या अर्जासारखं. प्रश्न मात्र थेट असत. क्युबाचं बंदर तुम्ही कधी सोडणार? हवाई बेटांच्या राणीला तिच्याच राजवाड्यात का कोंडलंत? फिलिपिन्सच्या लोकांना सोडवायला म्हणून गेलात, मग त्यांच्याशीच लढाई कशी झाली? एकाही पत्राला कधी उत्तर आलं नाही. पण पत्ता त्यांच्याकडे नोंदला गेला असावा, कारण नवीन वर्षाला सरांच्या नावानं कॅलेंडर यायला लागलं. धबधबे, घोडे, क्षितिजापर्यंत गहू.

पोस्टातला कारकून दरवर्षी विचारायचा, "सर, यात काय हाये जी?"

"कॅलेंडर."

"मंग भिंतीले लावा ना! पैसे खर्चून परत कायले करता?"

"आज त्यायचा खिळा आपल्या भिंतीत ठोकला, त उद्या ते भिंतीचं विचारतीन," सर म्हणायचे आणि पावती घडी घालून वरच्या खिशात ठेवायचे.

अख्खा टापू त्यांना अमेरिका सर म्हणायचा. सरांनी अमेरिका तर सोडाच, मुंबईही पाहिली नव्हती. आसगावच्या पुढे कोसभरावर आमचं गाव, तिथली ही खाजगी संस्थेची शाळा आणि गावाबाहेर त्यांच्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, एवढंच त्यांचं जग. उंच, काटक माणूस. मान इतकी ताठ की सरांच्या मानेत सांधाच नाही, असं पोरं म्हणत. खिशात फुटाणे. कुणाचं फुकटचं काही घ्यायचं नाही, हा बाणा. लग्नात जेवायचे, पण आहेराचा दुपट्टा अंगावर घालू द्यायचे नाहीत. आमच्याकडे हा अपमानच धरतात. पण सरांचं म्हणून लोक हसून सोडून देत.

सहासष्टच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, तेव्हा मात्र ते रांगेत उभे होते. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच लागलो होतो. जीभ वळवळली. म्हटलं, "सर, हे कसं चालतं तुम्हाला?"

"विकत घेऊन राहिलो ना, बाबू. पावती हाये. भुकेची लाज नसते. फुकटच्या मानाची असते."

तेव्हा हे वाक्य मी हसण्यावारी नेलं.

पाठ्यपुस्तकात अमेरिका स्वतंत्र झाली की धडा संपायचा. सरांचा तिथून सुरू व्हायचा. अडीच पानांच्या त्या धड्याला ते दिवाळीत हात घालत आणि होळीला सोडत. फ्रान्सकडून देशाएवढाच दुसरा मुलूख विकत घेतला आणि तिथं राहणाऱ्यांना विचारलंसुद्धा नाही, इथून सुरुवात. मग फ्लोरिडा, मग मेक्सिको. मुख्याध्यापक कपाळाला हात लावत. पण बोर्डात पोरं इतिहासात पास होत, त्यामुळे बोलणार काय?

मेक्सिकोचा धडा ते वर्गात घेतच नसत, वावरात घेत. सरांच्या बांधीला लागून पाटलांची बांधी होती. मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, पाटलांचे गडी दरसाल रोवणीच्या आधी आपल्या बाजूनं कोरायचे आणि माती सरांच्या बाजूला लोटायचे. साल पालटलं की धुरा वीतभर सरकलेला. सर बांबू घेऊन मोहाच्या झाडापासून माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे. एकदा दहावीचा वर्ग त्या धुऱ्यावर उभा केला. मीही गंमत पाहायला गेलो होतो.

"मेक्सिको म्हने सीमा ह्या नदीवर. अमेरिका म्हने नाही, तिकडच्या नदीवर. मधातला पट्टा कोनाचा?"

"भांडनाचा, सर!"

"बराबर. मंग अमेरिकेनं काय केलं? त्या मधातल्या पट्ट्यात फौज नेऊन बसवली. मेक्सिकोची गोळी सुटली. का लगेच ओरडले, आमच्या जमिनीवर आमचं रक्त सांडलं! अन् लढाई. लढाई संपली तवा अर्धा मेक्सिको गेला होता."

पलीकडच्या बांधीत पाटलांचा गडी कुदळीवर हात ठेवून हे सगळं ऐकत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज जरासुद्धा कमी न करता म्हणाले, "पहिल्या साली वीतच असते, पोट्टेहो. वीतभरासाठी कोन भांडते, असं म्हनाले का गेलं."

संध्याकाळपर्यंत हे पाटलांच्या कानावर गेलं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, केव्हाच गेली होती, पण मालगुजाराचा नातू गावातच होता. तो म्हणजे हे पाटील. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. म्हणजे सरांची नोकरी त्यांच्या सहीची आणि माझीही.

एकाहत्तरच्या डिसेंबरची एक दुपार मला लख्ख आठवते. युद्ध चालू होतं. जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे आमच्या जिल्ह्याचा जीव टांगणीला लागला होता. कारखान्याच्या बसच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासला होता. शिक्षकांच्या खोलीत रेडिओभोवती आम्ही सगळे जमलो असताना अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या माणसाला हसलो, त्यालाच विचारायची पाळी आली होती.

"आता काय होईन, सर?"

सरांनी मुठीतले फुटाणे परत खिशात टाकले. ते घाबरले होते. सगळ्यांत जास्त तेच घाबरले होते, कारण पुढचं फक्त त्यांनाच माहीत होतं. "जपानात चारच जहाजं गेली होती," ते म्हणाले. "गोळी नाही चालवली. नुसती काळी जहाजं बंदरात उभी केली, अन् पुढच्या साली जपाननं कागदावर सही केली. जहाज लढाले येत नाही, बाबू. दाखवाले येते. पाहनाऱ्यानं मान खाली घातली का त्याचं काम झालं."

आरमार आलं, दिसलं, निघून गेलं. आपण मान खाली घातली नाही. त्या दिवसानंतर सरांना हसणारे थोडे कमी झाले, हसणं सोडलेल्यांत मीही होतो. पुढं मात्र मी जे केलं, ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

आम्ही ढिवर. गावचा जुना मालगुजारी तलाव सरकारजमा झाला, तेव्हापासून त्यातली मासेमारी आम्हा ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे होती. माझे वडील संस्थेचे अध्यक्ष, आणि घरात शिकलेला मी एकटा, म्हणून मी सचिव. चाळीसेक घरांची चूल त्या तलावावर पेटायची. मी मास्तर झालो तोही त्याच तलावाच्या मासोळ्यांवर.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा नागपूरकडचा एक ठेकेदार जीप घेऊन तलाव पाहून गेला. मोठ्या पैशाचा माणूस, अधिकाऱ्यांत ऊठबस. आमच्या घरांत जेवण गोड लागेना. तेव्हा पाटलांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, गावसभा बोलावली आणि छाती ठोकून सांगितलं, "ह्या तलावावर बाहेरचा एकही ठेकेदार पाय ठेवनार नाही! ठेवला त तो पाय मी तोडीन. हा आपल्या गावचा तलाव, आपल्याच गावचा राहीन!"

काय टाळ्या पडल्या! आमच्या बायकांनी पाटलांना ओवाळलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या टाळ्या विरायच्या आत मागून सर उठले.

"पाटील, बाहेरच्यानं येऊ नये म्हनता, बहुत चांगलं. पन तुमी स्वतः काय करान, ते नाही सांगितलं."

पाटील हसत होते, पण ते हसू ओठांपुरतं होतं.

"दीडशे सालापयले अमेरिकेच्या पाचव्या अध्यक्षानं हेच भाषन केलं होतं," सर म्हणाले. "युरोपवाल्यायनं इकडच्या खंडात नवीन पाय ठेवू नये. शेजारच्या देशायनं अशाच टाळ्या वाजवल्या. मंग ऐंशीक सालानं त्यायचाच दुसरा अध्यक्ष म्हनाला, शेजारी नीट नाही वागले त शिपाईगिरी आमी करू. ज्यानं दार लावलं, त्याच्याच हाती कुलूप राहिलं, पाटील."

वडीलच ताडकन उठले. "गुर्जी, पाटील आमच्यासाठी भांडून राहिले, अन् तुमी त्यायलेच आडवे जाता? बसा जी खाली!"

लोक हसले. मीही पुन्हा हसलो.

आठवड्यानं पाटलांच्या वाड्यावर तलावाच्या राखणीचा कागद झाला. वडिलांनी अंगठा दिला, मी सही केली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी तो वाचायला मागितला. कलमं तीनच. पाटलांची माणसं तलाव राखतील. राखणीच्या चौकीसाठी तुडुमाजवळची जागा पाटलांना कायमची. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. आणि तिसरं, संस्थेचा कारभार बिघडला असं पाटलांना वाटलं, तर घडी बसेपर्यंत ते स्वतः कारभार पाहतील. खाली लिहिलं होतं की दरसाल मोठं जाळं टाकण्याच्या दिवशी पाटील संस्थेच्या अध्यक्षाला नारळ आणि दुपट्टा देऊन मान करतील.

सरांनी तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. "कोनाले वाटलं तर?"

मी ते कलम पुन्हा वाचलं.

"अन् चौकी पाळीवर कुठंही चालली असती. तुडुमापाशीच कायले?" त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. "क्युबाले असंच सोडवलं होतं, बाबू. आधी सांगितलं, आमाले तुमचा देश नको. मंग त्यायच्या घटनेतच कलम घातलं, गडबड झाली त आमी येऊ. अन् एक बंदर घेतलं जहाजायच्या कोळशासाठी. घटनेतलं कलम गेलं. बंदर अजून हाये."

मी शास्त्राचा पदवीधर. दहावीच्या पोरांना जे धुऱ्यावर उभं राहून कळलं होतं, ते मला सही करताना कळलं नव्हतं.

त्या रविवारी सर आमच्या ओसरीवर येऊन बसले. सभेत झालेला आपला अपमान त्यांनी वडिलांना आठवूही दिला नाही. म्हणाले, "अध्यक्ष, कागद झाला तो झाला. पन त्या बंदराचं भाडं म्हनून अमेरिका दरसाल क्युबाले चेक पाठवते. तिथली नवी सरकार तो चेक वटवतच नाही. टेबलाच्या खणात टाकून देते. वटवला का कबूल केल्यासारखं होते. तुमी तो दुपट्टा घेऊ नका. घेतला नाही, त उद्या तहसीलदारासमोर म्हनता येईन, आमाले हे मंजूर नोहोतं."

वडिलांनी विचार केला. "म्हनजे अंगठा पुसता येत नाही, पन मान नाही म्हनता येते."

"तेवढंच हातात हाये," सर म्हणाले.

पुढची तीन वर्षं मोठ्या जाळ्याच्या दिवशी आमच्या गावात एकच प्रकार घडायचा. पाटलांचा माणूस ताटात नारळ-दुपट्टा घेऊन पाळीवर यायचा. वडील त्याआधीच डोंगा घेऊन भर तलावात जाऊन बसलेले असायचे.

"अध्यक्ष, या जी! पाटलायनं मान पाठवला!"

"जाळं पान्यात हाये! येता येत नाही!"

ऊन वर चढायचं. सगळं गाव पाळीवर उभं. ताटातलं कुंकू वाळायचं. वडील डोंग्यात पाठमोरे बसून राहायचे, आणि चौकीच्या दारात पाटील स्वतः खाटेवर बसून पाहत असायचे. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी हात उचलला नाही. पण त्या दोन-तीन तासांत माझ्या छातीत जे धडधडायचं, ते आजही पाण्यावर डोंगा पाहिला की धडधडतं.

किंमत सरांनी मोजली. त्यांचा इतिहास काढून घेतला आणि त्यांना चित्रकला दिली. सरांनी चित्रकलेत नकाशे सुरू केले. पोरं हळद, गेरू आणि काजळीनं क्युबा रंगवायची. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, फूल काढा, पान काढा." सर म्हणाले, "बेटही निसर्गातच येते."

मग एका चैत्रात पाटलांच्या माणसांनी तुडुम उघडलं. पाटलांच्या उन्हाळी धानाला पाणी गेलं आणि तलावाचा चिखल झाला. रोहू, कतला उलट्या होऊन तरंगू लागल्या. गावात आठवडाभर वास मावेना. आमच्या बायका चिखलात उतरून हातानं मासे वेचत होत्या आणि रडत होत्या. मग पाटलांनी तिसरं कलम काढलं. संस्थेला तलाव सांभाळता आला नाही, आता कारभार मी पाहतो. वडिलांनी तहसीलला अर्ज केला, की चौकी हटवा, हा कागद आम्हाला मान्य नाही, आणि मान आम्ही एकदाही घेतलेला नाही. सगळा अर्ज त्या शेवटच्या वाक्यावर उभा होता. तो सरांनीच लिहून दिला होता.

चौकशीची तारीख पावसाच्या तोंडावर लागली, आणि त्याआधी जेठात माझं लग्न होतं, तसं उशिराच ठरलेलं.

लग्न लागलं, आहेर सुरू झाले. मी मांडवात पाटावर बसलेलो, बाजूला सासरचे मानकरी. वडील पाहुण्यांना पाणी देत फिरत होते. पलीकडे पंगत बसली होती, त्यात सर. तेवढ्यात पाटील आले. सोबत पवनीचा फोटोग्राफर. पाटलांच्या हातात नारळ आणि नवा कोरा दुपट्टा.

आहेर देणारा पुढं आला की नवरदेवानं मान वाकवायची, ही आमची रीत. आहेर परत करत नाहीत. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. दुपट्टा पाहताक्षणी मला सगळं कळलं. मी सचिव होतो, अर्जावर माझीही सही होती.

पंगतीतून आवाज आला, "वाकू नोको, बाबू!"

सर उष्ट्या हातानं पंगतीतून उठले होते. भरल्या पानावरून उठणं म्हणजे केवढा अपशकुन! "वाकू नोको! आहेर नोहे तो, वाकू नोको!"

मांडवभर हशा पिकला. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कोन हायेत हे?"

मी म्हणालो, "शाळेतले एक आहेत. थोडे तसेच आहेत."

आणि मान वाकवली. खांद्यावर दुपट्टा पडला, हातात नारळ आला, फोटोग्राफरचा दिवा लखकन चमकला. सर हात न धुता मांडवाबाहेर निघून गेले.

तहसील कचेरीत पाटलांच्या वकिलानं तोच फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवला. संस्थेचे सचिव राखणीचा मान स्वीकारताना. वडिलांना विचारलं, हा तुमचा मुलगा का? वडिलांनी फोटो हातात घेतला, दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"फोटो बराबर आला," ते म्हणाले आणि परत ठेवला. त्यावरून मला ते कधीही एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

साक्षीला सर होते. त्यांनी लग्नाची रीत सांगितली, मग क्युबाचं सांगायला लागले. कारकून तोंडावर फाईल धरून हसायला लागले. साहेब म्हणाले, "गुरुजी, हे पवनी आहे."

"हो साहेब," सर म्हणाले, "क्युबाही कोनाचं तरी गावच हाये."

निकाल लागला. व्यवस्था दोन्ही बाजूंना मान्य दिसते, चौकी राहील. दिवाळीच्या आधी तलावावर ठेकेदाराचा ट्रक आला. कोणता ठेकेदार? ज्याचा पाय पाटील तोडणार होते, तोच. आमची निम्मी घरं वरठीला खोल्या करून कारखान्यात कामाला लागली. वडील तेवढे राहिले. पाळीवर येऊन बसायचे आणि दुसऱ्यांची जाळी पाहायचे.

मी सरांना टाळू लागलो. शाळेत ते समोरून आले की मी वर्गात शिरायचो, तास नसला तरी. असे पाच-सहा महिने गेले. एका दुपारी सायकल आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"तो दुपट्टा कुठं हाये?" सरांनी विचारलं.

"ट्रंकेत, सर."

"राहू दे तिथंच." ते ओसरीवर बसले. खिशातून फुटाणे काढले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले. "क्युबावाल्यायचाही एक चेक वटला होता, बाबू. नवीन सरकार आली तवा, पहिल्याच साली, गडबडीत. अमेरिका अजून तोच एक दाखवते. पहा म्हनते, वटवला होता, कबूल हाये."

माझ्याच्यानं वर पाहवेना.

"पन त्यायनं दुसरा नाही वटवला," सर म्हणाले. "एक डाव वाकलं म्हनून जनमभर वाकाच लागते, असं कोनं सांगितलं तुले?"

मी तिथं अंगणात, बायकोच्या देखत, हमसून रडलो. सर फुटाणे खात बसले होते. त्यांनी मला थांबवलं नाही.

पुढच्या सालापासून पाटलांचं ताट पुन्हा यायला लागलं. आता घरीच, माझ्या नावानं, पाटलांची माणसं ते आमच्या बायकांच्या हातात देऊन जायची. सर आणि मी तो दुपट्टा कापडात शिवून पवनीच्या पोस्टात न्यायचो.

"सर, पत्ता त तुमच्याच गावचा हाये!" कारकून म्हणाला. "हातानंच काहून नाही देत जी?"

"हातानं दिलं त सही भेटत नाही," सर म्हणाले.

पाटील ते पार्सल घेत नसत. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ते परत यायचं. आम्ही पुन्हा पाठवायचो. शेरे, पावत्या सगळं सर जपून ठेवायचे, कॅलेंडरच्या पावत्यांसोबत, एकाच डब्यात.

सर गेले ते काविळीनं. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं, त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. सकाळी अंगणात त्यांना ठेवलं होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या अंगावर आप्त आणि मानाची माणसं नवं कापड घालतात. तिथं कोणी कोणाला नाही म्हणत नाही. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं घातलं, शाळेतल्या शिपायानं घातलं. मग गर्दी बाजूला झाली आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून पाटील पुढं आले. हातात कोरा दुपट्टा होता.

सरांची मान तशीच ताठ होती. मी त्यांच्या आणि पाटलांच्या मधात कसा जाऊन उभा राहिलो, ते मला आठवत नाही.

"राहू द्या, पाटील."

"काय राहू द्या?"

"दुपट्टा, जी."

अंगणातलं रडणं थांबलं. पाटील हळू आवाजात म्हणाले, "मेलेल्या मानसाशी भांडन काढता, मास्तर?"

"भांडन नाही, पाटील. सरानं हयातीत कोनाचा घेतला नाही. आता त्यायले नाही म्हनता येत नाही, म्हनून मी म्हनतो."

"पगार कोनाच्या सहीनं होते, ध्यानात हाये ना?"

"हाये," मी म्हणालो. तेवढ्यात भिंतीपाशी बसलेले वडील उठले. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. पाटलांनी आमच्या दोघांकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नजर वळवली नाही. पाटलांनी दुपट्ट्याची घडी केली, माणसाच्या हातात दिली आणि चपला घालून निघून गेले.

तलाव परत आला नाही. चौकी तुडुमापाशी आहे. मला त्या सालापासून चित्रकला मिळाली.

जानेवारीत काकूंनी बोलावणं पाठवलं. सरांच्या नावानं कॅलेंडर आलं होतं. पाटलांचा दुपट्टाही त्याच आठवड्यात आमच्या घरी येऊन पडला होता. दोन्ही पार्सलं सायकलला बांधून मी पवनीला गेलो. कारकुनानं पत्ते वाचले, चष्मा वर केला.

"सर त गेले ना जी? मंग आता हे कोन पाठवून राहिलं?"

"मी," म्हणालो आणि पावतीसाठी हात पुढं केला.